अर्ध्या मिनिटाची मैफल: रस्त्यावर वाजवू पाहणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: गिटार चांगली वाजते, काही वर्षांचा रियाज आहे, रस्त्यावर उभं राहून वाजवायची मनापासून इच्छा आहे. पण जागा कशी निवडायची, परवानगीचं काय, अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) लागतो का, पैशांचं कसं ठेवायचं, कोणी थांबलंच नाही तर काय करायचं, आणि घरचे याला ‘भीक मागणं’ म्हणतात त्यांना काय उत्तर द्यायचं?

मी बरीच वर्षं रस्त्यावर व्हायोलिन वाजवत आलो आहे. कधी एकटा, कधी गिटार आणि काहोन (खोक्यासारखं तालवाद्य) वाजवणाऱ्या मित्रांबरोबर. तुमच्या प्रश्नांच्या क्रमाने जात नाही, कारण बहुतेक उत्तरं एकाच हिशोबातून निघतात. तो आधी मांडतो.

माणूस सहज चालीने सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो. रहदारीच्या आवाजातून तुमचं वाद्य दोन्ही बाजूंना २०-२० मीटरपर्यंत नीट ऐकू जातं असं धरा. म्हणजे जाणारा माणूस तुमच्या आवाजाच्या टापूत ४० मीटर चालणार. वेळ किती? अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. त्यात निम्मा वेळ तुम्ही त्याला दिसतही नसता, किंवा तो तुम्हाला ओलांडून पुढे गेलेला असतो. रस्त्यावरच्या बहुसंख्य श्रोत्यांसाठी तुमची मैफल एवढीच असते. प्रत्येकाची वेगळ्या क्षणी सुरू होते आणि वेगळ्या क्षणी संपते. सभागृहात माणूस तुमच्यासाठी आलेला असतो. इथे तो दुसरीकडेच निघालेला असतो आणि तुम्ही त्याच्या वाटेत असता. हे एकदा मनात पक्कं झालं की जागा, गाणी, आवाज, पैसे या सगळ्याकडे वेगळ्या नजरेने बघता येतं.

या संदर्भात एक प्रसंग लोक हमखास सांगतात. १२ जानेवारी २००७ रोजी वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात प्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल साध्या कपड्यांत, टोपी घालून, १७१३ सालच्या स्ट्राडिव्हेरियस या अत्यंत मौल्यवान व्हायोलिनवर सुमारे ४३ मिनिटं वाजवत होता. एका वृत्तपत्राने घडवून आणलेला तो प्रयोग होता. समोरून १,०९७ माणसं गेली, त्यांतली सात काय ती मिनिटभर थांबली, आणि वाद्याच्या उघड्या केसमध्ये (पेटीत) जेमतेम ३२ डॉलर पडले. लोकांना सौंदर्याची कदर नाही, असा निष्कर्ष यातून काढला जातो. मला तो अजिबात पटत नाही. सकाळची कचेरीची वेळ, स्थानकाचं दार जवळ, प्रत्येकाच्या डोक्यात घड्याळ, आणि वाजवायला घेतली होती जर्मन संगीतकार बाखची जवळपास पाव तासाची एकल रचना. ती हळूहळू उलगडते, तिचं मोठेपण कळायला ती सुरुवातीपासून ऐकावी लागते. दाराकडे झपाट्याने निघालेल्या माणसाला त्यातला एक तुकडा मिळतो. २०१४ मध्ये त्याच शहरातल्या मोठ्या रेल्वे स्थानकात बेलने आधी जाहीर करून वाजवलं, तेव्हा ऐकायला तोबा गर्दी झाली. तोच कलाकार, तेच शहर. तुमच्यासमोर कोणी थांबलं नाही तर स्वतःच्या वाजवण्याला बोल लावण्याआधी जागा आणि वेळ तपासा.

आता जागेबद्दल. मी नवी जागा बघायला जातो तेव्हा वाद्य नेत नाही. एका कडेला उभा राहून लोकांचे पाय बघतो. माणसं कुठे मंदावतात? चौकात, वळणावर, पायऱ्यांच्या तोंडाशी, दुकानांच्या काचांसमोर, नदीकाठच्या किंवा बागेच्या वाटेवर. कुठे वेग धरतात? स्थानकाच्या दाराशी, सिग्नल सुटताना, अरुंद फुटपाथवर. मंदावण्याच्या जागेच्या थोडं अलीकडे उभं राहायचं, म्हणजे वेग कमी होताना तुमचा आवाज कानावर पडतो आणि तुम्ही लांबूनच दिसता. लांबून दिसणं फार महत्त्वाचं. वळणामागून अचानक समोर आलेल्या वादकासाठी कोणी खिशात हात घालत नाही. ठरवायला चार-पाच सेकंद लागतात, तोवर माणूस पुढे गेलेला असतो.

पाठीशी भिंत हवी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घसरतो. म्हणजे २ मीटरवर जो आवाज असतो, तो १६ मीटरवर १८ डेसिबलने उतरलेला. मागे दगडाची किंवा विटांची भिंत असेल तर मागे वाया जाणारा आवाज परतून पुढे येतो, आणि पाठीमागे कोण आहे याची धाकधूकही राहत नाही. कमान किंवा भुयारी वाट मिळाली तर आवाजाला आपोआप भरीवपणा येतो. मात्र तिथे घुमारा लांबतो, म्हणून जलद बोटं चालवलीत तर सूर एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो. अशा ठिकाणी संथ चाली, लांब सूर, मध्ये मोकळी जागा. उलट उघड्या चौकात घुमारा अजिबात नसतो, तिथे ठेका स्पष्ट हवा. मी त्याच चाली दोन्हीकडे वाजवतो, पण लय बदलतो. गिटारवर तुम्ही भुयारी वाटेत एकेक तार छेडा आणि चौकात स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकदम छेडणं) ठेवा, फरक लगेच कळेल.

कुठे उभं राहू नये, हेही सांगतो. अंध व्यक्तींसाठी फुटपाथवर उंचवट्याच्या फरश्या बसवलेल्या असतात. त्यांच्यावर किंवा त्यांना खेटून तुमची केस, स्टँड, वायर काहीही येता कामा नये. आपत्कालीन दार, रुग्णालय, शाळा, प्रार्थनास्थळ यांच्यासमोर नको. एटीएमजवळ नको, पैसे काढणारा माणूस आधीच सावध असतो. बसच्या रांगेसमोर वाजवायचं असेल तर आवाज हलका ठेवा, कारण त्या लोकांना तिथून निघून जाता येत नाही.

परवानगीबद्दल सगळीकडे लागू पडेल असं एक उत्तर नाही, पण सगळीकडे चौकशी करावी लागते. रस्त्यावरच्या संगीताचा वाद जुना आहे. लंडनमध्ये १८६४ साली रस्त्यावरच्या संगीतावर कायदा झाला. त्यासाठी जोर लावणाऱ्यांत गणितज्ञ चार्ल्स बॅबेज होते, बाहेरच्या वादकांमुळे आपलं काम होत नाही अशी त्यांची तक्रार होती. त्याच शहराच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून परवानाधारक वादकांसाठी ठरलेल्या जागा आहेत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९८५ मध्ये ऑडिशन घेऊन वादकांना जागा देणारा उपक्रम सुरू केला. म्हणजे बंदीपासून स्वागतापर्यंत सगळं सापडतं. तुमच्या ठिकाणी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा: पालिका, रेल्वे, बाग-विभाग, की एखाद्या खासगी संकुलाची ती मोकळी जागा आहे. दिसायला सगळं सार्वजनिक दिसतं, नियम वेगवेगळे असतात. विचारायचे प्रश्न चारच: परवाना लागतो का, अँप चालतो का, वेळेची मर्यादा काय, पैसे स्वीकारता येतात का. लेखी उत्तर मिळालं तर छापून केसमध्ये ठेवा. पोलीस किंवा सुरक्षारक्षक आला तर वाजवणं लगेच थांबवा, वाद्य खाली घ्या, मग बोला. वाद घालू नका. ‘मग कुठे चालेल?’ एवढं शांतपणे विचारलं तर बऱ्याचदा तोच माणूस चांगली जागा सुचवतो.

आता त्या हिशोबाची दुसरी बाजू, आणि नवे वादक इथेच कमी पडतात. जाणाऱ्याला तुम्ही अर्धं मिनिट ऐकू येता. समोरच्या दुकानात काउंटरवर बसलेल्या मुलीला दिवसभर. वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेल्या माणसालाही. चार गाणी आलटून पालटून वाजवली तर जाणाऱ्यांना कळणारही नाही, पण त्या मुलीला संध्याकाळपर्यंत ती चारही गाणी नकोशी होतील. म्हणून माझा आग्रह: निदान तासभर पुनरावृत्ती न करता वाजवता येईल एवढं पाठ हवं, आणि तासाभराने जागा सोडायची. सुरू करण्याआधी जवळच्या दुकानात जाऊन नाव सांगा, किती वेळ वाजवणार ते सांगा, ‘त्रास झाला तर हात करा’ म्हणा. त्यांनी खरंच हात केला तर चेहरा न पाडता आवाज कमी करा. ज्या जागा टिकतात त्या या संबंधांवर टिकतात. दुसरा कलाकार आधीपासून वाजवत असेल तर त्याचा आवाज ऐकू येणार नाही इतकं लांब जा, किंवा तो कधी थांबणार ते गाण्यांच्या मधल्या वेळेत विचारा. जागेच्या पाळ्या कलाकार आपापसात ठरवतात आणि त्या मोडणाऱ्याला पुढे कोणी सांभाळून घेत नाही.

अँप? सुरुवातीला नको. आधी अँपशिवाय वाजवून बघा, जागा निवडायची नजर त्याने तयार होते. पुढे घ्यायचाच तर बॅटरीवर चालणारा, एका हाताने उचलता येईल असा घ्या. गिटारसाठी अँपचा खरा उपयोग असा की बोटांवर जोर न काढता नाजूक वाजवता येतं. आवाज किती ठेवायचा याची कसोटी सोपी आहे: शेजारच्या दारात दोन माणसांना आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. स्पीकर आणि माइक एकमेकांकडे तोंड करून ठेवू नका, माइक शिट्टी मारतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेवढा हिशोब ठेवा.

गाणार असाल तर घशाकडे लक्ष द्या. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोम्बार यांनी ही गोष्ट १९११ मध्ये मांडली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तुम्हाला वाटतं आपण नेहमीसारखंच गातोय, प्रत्यक्षात तासभर जवळजवळ ओरडत असता. एका कानात फोमचा बोळा घातला की स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो आणि चढ आपोआप कमी होतो. पट्टीही घरच्यापेक्षा वर नेऊ नका. कानांचंही तेच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ही साधारण सुरक्षित मर्यादा मानतात आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. भुयारी वाटेत तालवाद्याशेजारी उभं राहिलात तर ही मर्यादा फार लवकर गाठली जाते.

उन्हाचं म्हणाल तर लाकडी वाद्याला ते माणसापेक्षा जास्त बाधतं. पारंपरिक पद्धतीच्या व्हायोलिनमधला जोड चिकटवणारा सरस उष्णतेने मऊ पडतो आणि सांधे उघडतात. गिटारच्या ब्रिजखालचा (तारा अडकवायच्या पट्टीखालचा) डिंकही सुटू शकतो. बंद गाडीत वाद्य ठेवून जेवायला जायचं नाही, कधीच नाही. ऊन तारांवर आलं की स्टीलच्या तारा ताणातून सैलावून उतरतात, त्याच वेळी शेजारच्या बासरीवाल्याचा सूर चढत असतो, कारण तापलेल्या हवेत ध्वनीचा वेग वाढतो. त्यामुळे दोघं मिळून वाजवत असाल तर सावली बघा आणि दर दोन-तीन गाण्यांनी सूर जुळवा. रस्त्यासाठी दुसरं, कमी मोलाचं वाद्य ठेवणं शहाणपणाचं. आवडतं वाद्य घरी असलं की मनही मोकळं राहतं.

काय वाजवायचं, हा खरा आवडीचा विषय. अर्ध्या मिनिटाच्या हिशोबात लांबलचक प्रस्तावना बसत नाही. गाण्याचा जो भाग लोक गुणगुणतात, तिथूनच सुरू करा. मग फिरून मधल्या ओळींवर या, पुन्हा मुखड्यावर. रचना अशी गोल फिरती ठेवली की कोणत्याही क्षणी टापूत आलेल्या माणसाला काहीतरी पूर्ण मिळतं. गाणं संपवण्याची घाई करू नका. समोरून माणसं येत असतील तर मुखडा आणखी एकदा घ्या, रस्ता रिकामा झाला की संपवा. दोन गाण्यांमध्ये वही चाळत बसू नका, सगळं तोंडपाठ हवं, कारण डोळे कागदावर असतील तर माणसं दिसत नाहीत. ओळखीची गाणी आणि स्वतःच्या रचना यांचं प्रमाण मी ठरवून ठेवत नाही, पण ओळखीच्या चालीने माणूस जवळ आला की मग अनोळखी काहीतरी ऐकवायला मला फार आवडतं. तो थांबलेला असतो, त्याचे कान उघडलेले असतात.

आणि सूर सांभाळा. रस्त्यावर काय फरक पडतो, असं म्हणून सैल वाजवणारे मी बघितले आहेत. त्यांच्यासमोर माणसं थांबत नाहीत. बोट जरा घसरलं तर लोक माफ करतात, न मन लावता वाजवलेलं त्यांना लगेच कळतं.

पैशांसाठी केस उघडी ठेवा, पायापासून दीड-दोन पावलं पुढे आणि चालण्याच्या रेषेच्या जरा आत. देणाऱ्याला तुमच्या अगदी पुढ्यात वाकावं लागलं तर तो संकोचतो. आत आधी थोडी नाणी आणि एक-दोन छोट्या नोटा टाकून ठेवा, नाहीतर ही केस कशासाठी उघडी आहे हे पहिल्या माणसाला कळत नाही. मोठी नोट पडली की पुढच्या गाण्याआधी खिशात घाला. केसचा पट्टा पायात अडकवा. क्यूआर कोड हल्ली लागतोच, पण त्याची जागा विचारपूर्वक ठरवा. नाणं चालता चालता टाकता येतं, मोबाइल काढायला थांबावं लागतं. म्हणून कोड मोठा छापून, कमरेच्या उंचीवर, रहदारीपासून आतल्या बाजूला, जिथे माणूस निवांत उभा राहू शकेल तिथे लावा. कमाईवर महिन्याचा खर्च बांधू नका. एकाच जागेवर, एकाच वेळेला, तेच वाजवून दोन दिवसांची कमाई जमीन-अस्मानाइतकी वेगळी असते. हवामान, महिनाअखेर, समोरचं बंद दुकान, कशानेही फरक पडतो. पैसे देणाऱ्याकडे बघून मान लववा, वाजवणं न थांबवता. न देणाऱ्याकडेही तसंच बघा. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. न देता हसून गेलेल्या माणसाने खरोखरच ऐकलेलं असतं.

घरच्यांच्या बोलण्याचं उत्तर यातच आहे. तुम्ही आधी देता, मग समोरचा ठरवतो. त्याने काही मागितलं नव्हतं, तुम्हीही हात पसरला नव्हता. तिकीट आधी घेऊन मग ऐकण्यापेक्षा ऐकून मग किंमत ठरवण्याची पद्धत कलाकारासाठी जास्त कडक आहे, आणि मला ती जास्त प्रामाणिक वाटते. घरच्यांना वाद घालून पटवू नका. एखाद्या संध्याकाळी लांब उभं राहून बघायला बोलवा.

आणि आनंद? तुम्ही तो विचारलेला नाही, पण मी उभा राहतो तो त्याच्यासाठीच. एकदा एक दोन-अडीच वर्षांची मुलगी आईचा हात धरून चालली होती. माझ्यासमोर आल्यावर तिने पाय रोवले. आईने हात ओढला, ती हलली नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, व्हायोलिनकडेही नाही. तिची नजर फक्त बो म्हणजे गजाच्या टोकावर होती. बो खाली आला की तिची हनुवटी खाली, वर गेला की वर. मी लय जरा धीमी केली, बो पूर्ण लांबीने चालवला. मग तिने मोकळा हात हवेत उचलला आणि तोही वर-खाली करू लागली, आधी मागे पडत, मग बरोबर. आईने हात ओढणं सोडलं आणि पिशवी खाली ठेवली. त्या वेळी माझ्या हातातली लय माझी राहिली नव्हती, मी त्या मुलीच्या हाताप्रमाणे वाजवत होतो. असं व्यासपीठावर होत नाही. तिथे दिव्यांच्या झोतामागे पहिली रांगसुद्धा दिसत नाही.

दुसरी आठवण कमानीखालची. सरी कोसळल्या आणि जाणारे सगळे आत अडकले. छत्र्या झटकत, मोबाइल बघत उभे. अर्ध्या मिनिटाचा हिशोब तेव्हा मोडला, आता त्यांच्याकडे वेळच वेळ होता. मी आवाज अगदी खाली आणला आणि घरी स्वतःसाठी वाजवतो तसं संथ काही सुरू केलं. पावसाचा आवाज मोठा होता, त्यामुळे ऐकायचं तर जवळ यावं लागत होतं, आणि लोक खरंच दोन-दोन पावलं जवळ सरकले. टाळ्या नाहीत, कोणी काही बोललं नाही. पाऊस थांबल्यावरही काही जण चाल संपेपर्यंत निघाले नाहीत. अशा वेळी ठरवलेली यादी सोडून देता आली पाहिजे. रस्ता जे पुढ्यात आणतो त्याच्याशी जुळवून घेण्याचा सराव इथे रोज होतो आणि तो मग सगळ्या वाजवण्यात उतरतो.

पहिल्या दिवसाचं सांगतो. सुट्टीच्या दिवशी, दुपार कलताना जा. पाणी, सुट्या तारा, ट्यूनर, कापड, बस्स. जागा आदल्या दिवशी बघून ठेवलेली असावी. बरोबर एक मित्र न्या, पण त्याला समोर उभा करून टाळ्या वाजवायला लावू नका. त्याला लांबून, अनोळखी माणसासारखं, नेहमीच्या चालीने तुमच्यासमोरून दोन-तीनदा जायला सांगा. पहिला सूर कुठे ऐकू आला, तुम्ही कुठून दिसलात, केस कधी दिसली, ओलांडून गेल्यावर काय कानावर पडत राहिलं, हे त्याच्याकडून नीट विचारून घ्या. मग दहा पावलं सरका आणि त्याला पुन्हा चालायला लावा.